वाड्याच्या सागवानापासून केलेले कीटकघर : एक अभिप्राय

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील वाडे उतरवताना निघणारे सागवानी वासे आणि भंगारातला पत्रा वापरून शहरातील एक सुतार बागेसाठी कीटकघरे तयार करतात. त्यांच्याकडून बाराशे रुपयांना घेतलेले घर परसातल्या शेवग्याजवळ, पूर्वेच्या भिंतीवर बसवले असून एक पावसाळा उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

मोहोळ न बांधता एकेकट्या राहणाऱ्या माश्या आणि अळ्यांची शिकार करणारी कुंभारीण माशी यांच्यासाठी हे घर असते. राखायला मोहोळच नसल्याने या माश्या सहसा डंख करत नाहीत, त्यामुळे लहान मुलांच्या घरीही ते निर्धास्तपणे लावता येते.

या घराचा खरा गुण त्याच्या छिद्रांत आहे. ती चार ते दहा मिलिमीटर रुंद, सुमारे पंधरा सेंटिमीटर खोल आणि मागून बंद आहेत. पाने कापणारी माशी मादीची अंडी बिळाच्या तळाशी आणि नराची तोंडाशी घालते, म्हणून उथळ बिळात बहुतेक नरच निपजतात. बाजारातील अनेक देखणी घरे नेमकी येथेच निरुपयोगी ठरतात. कुसळांनी पंख फाटू नयेत म्हणून छिद्रांची तोंडे घासून गुळगुळीत केली आहेत, आणि जुना रंग रंध्याने पूर्ण काढल्यावर लाकडाला वॉर्निश लावलेले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते.

पत्र्याचे छप्पर पुढे चांगले आलेले असून पत्रा आणि लाकूड यांच्यात हवेसाठी फट ठेवली आहे. त्यामुळे तिरप्या पावसातही बिळे कोरडी राहिली आणि उन्हाची धग आत उतरली नाही. खालच्या कप्प्यात मात्र लोखंडी नळ्यांचे तुकडे भरले आहेत, ते शोभेपुरतेच आहेत. लोखंड उन्हात तापते, पावसाळ्यात आतून ओल धरते, आणि लाकडातील बिळे माती व पानांच्या तुकड्यांनी बंद झाली तरी या नळ्या रिकाम्याच राहिल्या. तेथे एका टोकाला पेर असलेल्या बांबूच्या कांड्या भरल्यास कप्पा उपयोगी पडेल, शिवाय बुरशी लागलेल्या कांड्या दरवर्षी बदलताही येतील. मागणी नोंदवताना नळ्यांऐवजी बांबू आणि पक्षी चोच घालू नयेत म्हणून पुढे थोडे अंतर ठेवून बसवलेली जाळी, या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगाव्यात.