राजा दिनकर केळकर संग्रहालय: चौघांनी मिळून पाहावा असा संसार

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय एकट्याने पाहण्यापेक्षा मित्रमैत्रिणींना सोबत घेऊन पाहावे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण या संग्रहाच्या स्वरूपातच आहे. इथे मांडलेल्या वस्तू बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील घराघरांतल्या आहेत: दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, कुलपे, फण्या, शेवयांचे साचे, खेळणी, वाद्ये. अशी एखादी वस्तू समोर आली की कुणाला आजीचे माजघर आठवते, कुणाला गावच्या देवळातला दिवा आठवतो, आणि ज्याने ती वस्तू कधीच पाहिलेली नसते तो इतरांना विचारू लागतो. बघणाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून जितके कळते तितके एकट्याने फलक वाचून कळत नाही. आम्ही शनिवारी सकाळी मित्रमंडळी मिळून गेलो होतो, तेव्हा याचा फार सुखद अनुभव आला.

हा संग्रह एका माणसाने उभा केला, हे आत शिरण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय होता, ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत, आणि १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा जो ध्यास लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या स्मृतीसाठी त्यांनी या संग्रहाला त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात साथ होती. खेड्यापाड्यांतून, जुन्या वाड्यांतून, मोडीच्या दुकानांतून निवडून आणलेल्या वस्तूंची संख्या पुढे वीस हजारांच्या वर गेली, आणि हे सारे धन केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या निवडीमागची दृष्टी मला सर्वांत मोलाची वाटते. राजेरजवाड्यांचे दागिने किंवा तलवारी जपणारे पुष्कळ असतात, परंतु पाय घासायची वज्री आणि नारळ खवायची खवणी याही कलाकृती आहेत हे ओळखून त्या वितळवणाऱ्याच्या भट्टीतून वाचवणारा माणूस विरळा.

राजस्थानी धाटणीच्या या इमारतीत प्रदर्शनासाठी मांडलेल्या वस्तू अडीच हजारांच्या आसपास आहेत. संग्रहाच्या मानाने हा आकडा लहान असला, तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना आणि पायांना तो भरपूर आहे. अर्ध्या तासात सगळी दालने उरकणाऱ्यांच्या हाती काहीही लागणार नाही. निदान दोन-अडीच तास मोकळे ठेवावेत आणि चार-पाच विषय निवडून त्यांच्यापाशी मनसोक्त रेंगाळावे.

आम्ही सर्वाधिक वेळ दिव्यांपाशी काढला. समया, निरांजने, पणत्या, दीपलक्ष्मी, हातात धरायचे दिवे, साखळीने टांगायचे लामणदिवे असे प्रकार एका जागी पाहिल्यावर, विजेपूर्वीच्या घरात उजेड ही किती जपून वापरायची गोष्ट होती, याची जाणीव होते. साखळीच्या कड्यांमध्येही कारागिराने हत्ती, मोर, स्वार बसवलेले असतात. आमच्यातला एक मित्र यंत्र अभियंता आहे. काही लामणदिव्यांत तेल आपोआप कसे भरत राहते, हे त्याने तिथे उभ्या उभ्या समजावून सांगितले. पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोकळ पोटात तेल भरून ते वरून घट्ट बंद करतात. खालच्या वाटीतले तेल जळून पातळी उतरली की तेल सोडणारे भोक उघडे पडते, त्यातून हवा आत शिरते आणि तेवढ्याच मापाचे तेल वाटीत उतरते; भोक पुन्हा तेलाने झाकले गेले की धार थांबते. हे ऐकताना आमच्या शेजारी उभे असलेले एक आजोबाही पुढे सरकले आणि त्यांच्या गावच्या देवळातल्या नंदादीपाची हकिकत त्यांनी फार प्रेमाने सांगितली. अनोळखी माणसांनी असे सहज बोलके व्हावे, हे या जागेचे वैशिष्ट्य आहे, आणि याबद्दल मला या संग्रहालयाविषयी विशेष आपुलकी वाटते.

अडकित्त्यांचे कपाट हे या संग्रहाचे दुसरे मर्मस्थान. सुपारी कातरायला दोन दांडे, एक बिजागर आणि एक पाते एवढे पुरेसे असते. पण कारागिरांना तेवढ्याने समाधान नव्हते: दांड्यांचे घोडे झाले, पोपट झाले, आलिंगनातले स्त्री-पुरुष झाले, आणि अडकित्ता उघडला-मिटला की त्या आकृतींचीही हालचाल होईल अशी रचना त्यांनी साधली. त्याच्याच जोडीला पानदाने आहेत. चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा यांसाठी वेगवेगळे कप्पे असलेले पितळी डबे पाहिले की विडा देणे हा आदरातिथ्याचा केवढा विस्तृत विधी होता हे ध्यानात येते. आमच्या कोकणातल्या मैत्रिणीला तिच्या आत्याच्या घरातले पानाचे तबक आठवले, आणि तबकातून विडा उचलण्याचा मान आधी कुणाचा, यावर आमच्यात बराच वेळ गोड वाद झाला. वज्रींविषयी मात्र आम्हा कुणालाच फारसे ठाऊक नव्हते. न्हाणीघरात टाच घासण्यासाठीच्या या लहानशा पितळी वस्तूच्या तळाशी खरखरीत रेघा असतात आणि वरच्या बाजूला हातात धरण्यासाठी घडवलेले प्राणी, पक्षी, माणसे असतात. जी वस्तू न्हाणीघराबाहेर कुणी पाहणारही नाही तिच्यावर इतके कष्ट घेणारा तांबट कोण असेल, हा विचार माझ्या मनातून बराच वेळ गेला नाही.

चित्रांमध्ये पैठण शैलीची चित्रकथीची चित्रे आवर्जून पाहावीत. रामायण-महाभारतातील प्रसंग एकेका मोठ्या कागदावर रंगवायचे, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, त्यांची पोथी बांधायची आणि गावोगाव ती चित्रे एकामागून एक दाखवत कथा गायची, अशी ही परंपरा आहे. मोठाले डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, ठसठशीत तांबडा-हिरवा रंग आणि लढायांच्या दृश्यांतली विलक्षण गती यांमुळे ही चित्रे दुरूनही ओळखू येतात, आणि ती रात्रीच्या दिव्याच्या उजेडात लांब बसलेल्या श्रोत्यांसाठी काढलेली आहेत हे लक्षात आले की त्या ठसठशीतपणाचे कारण उमगते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला आजवर टिकवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे काचेमागची ही चित्रे ज्या गाण्यासाठी काढली गेली ते गाणे अजून ऐकता येते, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी पुढच्या कोकणच्या वाटेवर पिंगुळीला जरूर थांबावे. चित्रांसोबतच चामड्याच्या रंगीत छायाबाहुल्याही पाहण्यासारख्या आहेत.

वाद्यांचे दालन जाणकाराच्या सोबतीने पाहायला मिळाले तर भाग्यच. आमच्यातली एक मैत्रीण सतार शिकते. तार कुठून निघते, तारा पेलणारी घोडी कशासाठी असते, भोपळ्याचा आकार बदलला की नादात काय फरक पडतो, हे ती प्रत्येक वाद्यापाशी सांगत गेली आणि जी वाद्ये आम्ही नुसती नक्षीसाठी पाहिली असती त्यांच्यापाशी आम्ही कान देऊन उभे राहिलो. शस्त्रांचे दालन मी मात्र लवकर सोडले. तिथली चिलखते निश्चितच नवलाची आहेत, पण तलवारी आणि कट्यारी महाराष्ट्रात इतरत्रही भरपूर पाहायला मिळतात; वज्री आणि अडकित्ते तसे मिळत नाहीत.

मस्तानी महालाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक जण केवळ तेवढ्यासाठी येतात. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी १७३४ च्या सुमारास कोथरूडला एक महाल बांधला होता. १७४० मध्ये दोघांचाही मृत्यू झाला आणि पुढच्या काळात तो महाल ढासळत गेला. केळकरांनी त्याचे उरलेले कोरीव भाग मिळवले आणि त्यांतून या संग्रहालयात ते दालन पुन्हा उभे केले. पडद्यावर पाहिलेल्या भव्य महालांची अपेक्षा घेऊन येणाऱ्याला ही खोली लहान वाटेल. तरीही नक्षीदार खांब, महिरपी आणि छताचे काम शांतपणे पाहिले, तर पेशवाईतले एक सुखवस्तू दालन आकाराने आणि उंचीने कसे असे, बैठक जमिनीलगत का असे, झुंबराचा उजेड कुठवर पोहोचत असेल, या गोष्टींचा नेमका अंदाज येतो. मला तरी भव्यतेपेक्षा हा अंदाज मोलाचा वाटला. आमच्यातल्या वास्तुरचनाकार मित्राने खांबांच्या तळखड्यापासून तुळईपर्यंतचे जोड एकेक करून दाखवले आणि नंतर बराच वेळ तो तिथेच थांबला.

एक मागणी मात्र मनापासून करावीशी वाटते. वीस हजारांपैकी अडीच हजार वस्तूच मांडल्या जातात, म्हणजे आठातल्या सात वस्तू सर्वसामान्य पाहुण्याच्या नजरेस पडत नाहीत. जागेची मर्यादा उघड आहे. पेठेतली इमारत ताणून मोठी करता येत नाही. त्यामुळे या संग्रहाला अधिक प्रशस्त जागा मिळणे, आणि तोवर ठरावीक काळाने एखादा विषय घेऊन आतल्या वस्तू बाहेर मांडल्या जाणे, हे पुणेकरांनी आग्रहाने मागावे असे आहे. फक्त कुलपे, फक्त दौती, फक्त स्वयंपाकघर अशी प्रदर्शने आळीपाळीने भरली तर आम्ही तरी प्रत्येक वेळी जाऊ.

जाण्यापूर्वीच्या काही व्यावहारिक गोष्टी. बाजीराव रस्त्यावर नातूबागेजवळ हे संग्रहालय आहे. आठवड्याच्या शेवटी या भागात चारचाकी लावायला जागा मिळणे अवघड असते. त्यापेक्षा मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत यावे. वेळ आणि तिकिटाचे दर निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावेत, आणि छायाचित्रे काढायची असतील तर त्याचे नियम तिकीट खिडकीवरच विचारावेत. सकाळी दार उघडताच गेलात तर पहिला तास शांततेत मिळतो; दुपारनंतर सहलींची आणि कुटुंबांची वर्दळ वाढते. वरच्या मजल्यांवर जिने चढून जावे लागत असल्याने ज्येष्ठांनी आपल्या सोयीने खालची दालने आधी निवांत पाहावीत. आठ-दहा वर्षांची मुले सोबत असतील तर त्यांना कपाटांतून प्राण्यांच्या आकाराच्या वस्तू शोधायला सांगावे. आमच्याबरोबर आलेल्या दोघांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळला आणि मोठ्यांच्या नजरेतून सुटलेला एक चिमुकला पितळी पोपटही त्यांनीच दाखवला.

दुपार मोकळी असेल तर त्याच रस्त्याने चालत विश्रामबागवाड्यापर्यंत जावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ साली बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी बाजूचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आणि सज्जा, संग्रहालयातल्या लाकूडकामानंतर लगेच पाहिले की अधिक उलगडतात. जेवणाची सोय सदाशिव पेठेत आणि टिळक रस्त्यावर हवी तशी होते, आणि उन्हाळा असेल तर निंबाळकर तालमीजवळ आंब्याची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेले घट्ट थंडगार पेय, घ्यावी. आम्ही ती घेतली, आणि तिथेच पुढच्या महिन्यात पिंगुळीला जाण्याची तारीख ठरवली.