आठ पान्यांचा क्रोम व्हॅनेडियम सेट : छापासाठी जादा पैसे द्यावेत का?

नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीच्या आसपास हार्डवेअरच्या दुकानात डबल एंड पान्यांचा आठ नगांचा सेट मागा. समोर दोन-तीन प्रतींचा माल येतो आणि सगळ्यांच्या दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ (म्हणजे क्रोमियम आणि व्हॅनेडियम हे धातू मिसळलेलं पोलाद) असा छाप असतो. हा रिव्ह्यू त्यातल्या मधल्या प्रतीच्या, स्थानिक बनावटीच्या सेटचा. मापं (मिमीत) नेहमीचीच: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२. कूलर, दुचाकी, फाटकाचे बोल्ट, पाण्याच्या मोटरीचा पाया, एवढ्या कामांना सेट चांगला आहे. भाव मात्र पान्यांच्या तोंडांचं माप तपासून ठरवा, छाप पाहून नको.

छापाला अर्थ आहे, पण त्यातलं व्हॅनेडियम असतं किती? ५०सीआरव्ही४ हा या जातीचा प्रसिद्ध ग्रेड घ्या. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि व्हॅनेडियम ०.१० ते ०.२५ टक्के. किलोभर पोलादात जेमतेम एक ते अडीच ग्रॅम! तेवढ्यानेही काम होतं. त्याचे बारीक कार्बाइड कण पोलाद तापवताना त्यातले दाणे (सूक्ष्म स्फटिक) वाढू देत नाहीत, आणि दाणे बारीक राहिले की पाना कडक होऊनही चिवट राहतो. पण हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून कडक करणं, मग बेताने तापवून ठिसूळपणा घालवणं) बिघडलं तर हेच पोलाद मऊ निघतं किंवा काचेसारखं तुटतं. दुकानात चुंबक लावून दाखवतात, त्याला काही अर्थ नाही. चुंबक साध्या लोखंडालाही चिकटतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांवरूनही एवढंसं व्हॅनेडियम ओळखता येत नाही. खात्रीच हवी तर टेस्टिंग लॅबमधला स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र), आणि एका पाना सेटसाठी कोणी तो खर्च करत नाही.

ज्या ‘व्हॅनेडियम’ नावाचे पैसे मोजायचे ते आहे एका नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांतल्या, देवीचं. फ्रेया ही प्रेम आणि सौंदर्याची देवी. ‘वनादीस’ हे तिचं एक नाव, अर्थ ‘वनीर कुळातली देवी’. तेराव्या शतकातला आइसलँडचा एक ग्रंथ सांगतो की हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात ती परक्या लोकांत हिंडली आणि जिथे गेली तिथे वेगळं नाव घेतलं, म्हणून तिला इतकी नावं. धातूचंही तेच झालं. १८०१ मध्ये मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ यांना तो शिशाच्या खनिजात सापडला. क्षारांचे नाना रंग पाहून त्यांनी आधी ‘पॅनक्रोमियम’ म्हटलं, मग तापवल्यावर क्षार लाल होतात म्हणून ‘एरिथ्रोनियम’. पॅरिसच्या एका रसायनज्ञाने ते अशुद्ध क्रोमियम ठरवलं आणि देल रिओंनी दावा सोडला. १८३० मध्ये स्वीडनच्या नील्स सेफस्ट्रोम यांना तोच धातू ताबेर्गच्या खनिजापासून केलेल्या लोखंडात मिळाला. त्याच्या संयुगांचे सुंदर रंग पाहून वनादीसचं नाव दिलं गेलं. लगेच १८३१ मध्ये जर्मन रसायनज्ञ वोलर यांनी दोन्ही धातू एकच असल्याचं दाखवलं, पण नाव देवीचंच राहिलं. (त्याआधी १८२९ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी ‘थॉर’ या नॉर्स देवावरून थोरियम हे नाव दिलेलं होतं, स्वीडिश लोकांना तेव्हा घरच्या देवांचं भारी वेड.)

पुढे स्वीडिशमध्ये ‘वनादीन’, फिनिशमध्ये ‘वनादीनी’, पोलिशमध्ये नुसतं ‘वनाद’, रशियनमध्ये ‘वनादी’ अशी रूपं रुळली. स्पॅनिशमध्ये लिहितात व्ही, पण उच्चार ‘बनादिओ’कडे झुकतो. जपानीत ‘बनाजिउमु’, आणि चिनीत एका अक्षराचं ‘फान’, ज्यात देवी ओळखूच येत नाही. आपल्याकडे इंग्रजीमार्गे आल्यामुळे मराठीत ‘व्हॅनेडियम’, हिंदीत ‘वैनेडियम’. मूळ नॉर्समधला व इंग्रजी डब्ल्यूच्या जवळचा होता, म्हणजे ‘वनादीस’ लिहायला मराठीला ‘व्ह’ची गरजही पडली नसती. खोक्यावरच्या स्पेलिंगमध्ये चूक दिसली, तर देवीसाठी नव्हे, कारखान्याच्या निष्काळजीपणाची खूण म्हणून ती नोंदवून ठेवा.

आता पाने. व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) १० चं तोंड मोजा: १०.०४ ते १०.१९ मिमी असायला हवं. १०.२ च्या वर गेलं की नट गोल होणार, मग पोलाद कुठलंही असो. या सेटमध्ये लहान मापं व्यवस्थित, १८-१९ किंचित मोकळा, चालण्यासारखा. कानस तोंडाच्या आतल्या कोपऱ्यावर हलकी फिरवा (दुकानदाराला विचारून). सहज कापत गेली तर मऊ माल, सेट परत. प्लेटिंगचे पापुद्रे किंवा फोड दिसले तरी परत, कारण सुटलेला क्रोम ब्लेडसारखा बोट कापतो.

तोंड दांड्याशी १५ अंशांत वळलेलं आहे. अडचणीच्या जागी पाना उलटा करत गेलात तर ३० अंशांच्या फेऱ्यातही नट फिरतो. कूलरच्या पंख्यामागे याचा फार उपयोग. एम६ (६ मिमी जाडीच्या बोल्टच्या) नटाला १० चा पाना लागतो आणि ८.८ या ताकदीच्या ग्रेडच्या अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. गंजलेला नट असेल तर आधी गंज सोडवणारं तेल टाकून १५-२० मिनिटं थांबा, मग नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना घालून आधी किंचित आवळा आणि नंतर सैल करा. उघड्या तोंडाला पाइप लावून जोर दिला की जबडा फाकतो; असे पाने दुकानात परत घेत नाहीत, आणि घेऊ नयेतच.

२०-२२ चं माप घरात क्वचित लागतं. सुटे पाने मिळत असतील तर तेवढं सोडून १०-११ चा एक जादा घ्या, उन्हाळ्यात कूलरच्या नट-बोल्टला दोन बाजूंनी दोन पाने लागतात. सोबतची रेक्झिनची पिशवी ओलावा धरते. पावसाळ्यापूर्वी पाने पुसून, मशीन ऑइलचा हात फिरवून डब्यात ठेवा.