हरवलेल्या माणसाच्या शोधात उतरायचंय? रेस्क्यू संस्था, आपदा मित्र आणि पगारी दल यांचा तुलनात्मक आढावा

घाटात कोणी हरवलं की दरीच्या काठावर वेगवेगळी माणसं जमतात. स्थानिक रेस्क्यू संस्थेची पोरं असतात, पोलिसांबरोबर आलेले होमगार्ड आणि आपदा मित्र (सरकारी योजनेत प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) असतात, अग्निशमन दलाची गाडी असते आणि प्रकरण लांबलं तर एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडीही येते. आपण यांपैकी कोणाबरोबर जायचं, हे ठरवताना बहुतेक जण धाडस आणि फिटनेसचा विचार करतात. आमच्या मते निर्णय दोन साध्या गोष्टींवर होतो. फोन आल्यावर किती वेळात निघू शकता, ही पहिली. तासन् तास काहीच न सापडणारं काम त्याच काळजीने करत राहता येईल का, ही दुसरी.

पगार हवा असेल तर

फक्त हरवलेली माणसं शोधण्याची पूर्णवेळ, पगारी नोकरी महाराष्ट्रात जवळपास नाहीच. ‘मिसिंग’ची नोंद आणि तपास पोलिसांकडे असतो, बाकी दलांच्या अनेक कामांपैकी शोध हे एक काम. रेस्क्यू संस्थेत मानधन नसतं, उलट पदरचे पैसे जातात.

एनडीआरएफची स्थापना 2006 ची. आज तिच्या 16 बटालियन आहेत आणि पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. तिच्यासाठी थेट भरती होत नाही, हे अनेकांना अर्ज शोधायला लागल्यावर कळतं. आधी सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी यांसारख्या केंद्रीय दलात लागायचं आणि तिथून प्रतिनियुक्तीवर जायचं. कॉन्स्टेबलसाठी दहावी पास, वय 18 ते 23 आणि खुल्या गटातल्या पुरुषांना 170 सेंटिमीटर उंची लागते. धावणं पुरुषांना 24 मिनिटांत 5 किलोमीटर, महिलांना साडेआठ मिनिटांत 1.6 किलोमीटर. राखीव गटांना वयात आणि काहींना उंचीत सवलत आहे. मात्र पोस्टिंग आपल्या हातात नसते. साताऱ्याच्या मुलाला सह्याद्रीत काम करायचं असेल आणि त्याची नोकरीची वर्षं सीमेवर गेली, तर त्यात नवल काही नाही. तेविशी उलटली की हा मार्ग बहुतेकांना बंदच.

अग्निशमन दल जास्त हाताशी आहे. राज्याचा अग्निशामकाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि नंतर महापालिका-नगरपालिकांच्या भरतीत संधी मिळते. विहिरीत पडलेला, पुरात अडकलेला, इमारतीखाली गाडला गेलेला माणूस काढण्याचं काम या दलाकडे नेहमी येतं. डोंगरातलं काम मात्र क्वचितच. होमगार्डला नोकरी समजू नका. ड्यूटी असेल त्या दिवसाचा भत्ता मिळतो (2024 मध्ये तो 570 वरून 1083 रुपये झाला) आणि काम बहुतांशी बंदोबस्ताचं असतं.

घरचा खर्च चालवण्यासाठी नोकरी हवी असेल तर अग्निशमन दल आणि सुट्टीच्या दिवशी स्थानिक संस्था, ही जोडी आम्हाला सगळ्यात व्यवहार्य वाटते.

रेस्क्यू संस्था आणि आपदा मित्र

खरी निवड बहुतेकांपुढे या दोनांतच असते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स या मुळात डोंगरात भटकणाऱ्यांच्या संस्था. त्यांचा परिसर ठरलेला असतो आणि त्यातली प्रत्येक घळ त्यांना पायाखालची असते. आंबेनळी घाटात 28 जुलै 2018 ला बस कोसळून 30 जण गेले, तेव्हा दरीतून मृतदेह वर आणण्यात अशाच संस्थांची माणसं होती. पोलीस किंवा तहसीलदार थेट यांना फोन लावतात. प्रवेशाला फॉर्म नसतो. ट्रेक आणि सरावाला येत राहायचं, मग हळूहळू कॉलवर, म्हणजे प्रत्यक्ष शोध-बचावाला, नेतात. दोरावर जबाबदारी मिळायला दोन-तीन पावसाळे लागले तर ते योग्यच आहे.

आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. देशभरात 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक हे तिचं उद्दिष्ट होतं. वय 18 ते 40, प्रशिक्षण 12 दिवसांचं, सोबत किट, ओळखपत्र आणि विमा. एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइडच्या मुलांसाठी ‘युवा आपदा मित्र’ आहे. बोलावणं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून येतं. प्रथमोपचार, पूर, आग, गर्दी, तात्पुरता निवारा असं सगळ्याचं थोडं थोडं शिकवतात. आपल्या गावात पूर आला तर हे शिक्षण फार उपयोगी पडतं. पण 12 दिवसांत कड्यावर उतरता येत नाही. किट मिळालं म्हणून कोणी तसा प्रयत्न करू नये, दोरावर दोन माणसं धोक्यात येतात.

विम्याकडे नीट बघा. योजनेतला विमा ठरावीक मुदतीचा असतो, नंतर पुढचं आपल्यालाच बघावं लागतं. संस्थेत असाल तर सामूहिक अपघात विमा आहे का, हे विचारा आणि पॉलिसीचा कागद हातात घेऊन वाचा. साध्या वैयक्तिक अपघात विम्यात गिर्यारोहण आणि साहसी प्रकार बऱ्याचदा वगळलेले असतात. नेमका तोच तुमचा धोका.

लोणावळा, खोपोली, महाड, महाबळेश्वर, भोर अशा पट्ट्यात राहात असाल तर संस्थाच निवडा. सोलापूर-लातूरकडे किंवा शहराच्या मध्यात असाल आणि डोंगर तीन तासांवर असेल, तर आपदा मित्र व्हा. पुण्या-मुंबईतून निघून रात्री एकला पोचणारा मदतनीस दुसऱ्या दिवशीच्या तुकडीत कामाचा असतो. पहिल्या तासांचा शोध स्थानिकच करतात.

शोध म्हणजे काय, हे कळलं की निम्मे मागे फिरतात

नव्या मुलांना दोर हवा असतो. दोराचं काम शेवटी येतं आणि अनेकदा येतच नाही. त्याआधी शोध असतो, आणि संस्थांना माणसं कमी पडतात ती इथे.

सह्याद्रीत वाट चुकलेला माणूस बहुतेकदा ओढ्याने खाली उतरतो. पाणी खाली जातं, खाली गाव असणार, हा त्याचा हिशोब. पण हा बेसॉल्टचा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. ओढा दोनशे मीटर नीट उतरतो आणि अचानक कड्यावरून सुटतो. कोकणातले दिवे समोर दिसत असतात. माणूस एक टप्पा कसाबसा घसरून उतरतो, पुढे कडा लागतो, मागे चढता येत नाही. म्हणून अनुभवी पथकं शेवटच्या खुणेपासून फुटणाऱ्या घळी आधी तपासतात. ढोरवाटाही फसवतात. गुरांनी पाडलेली ही वाट पठारावर ठळक दिसते आणि कारवीच्या दाट झुडपांत शिरल्यावर नाहीशी होते. कुठली ढोरवाट कुठे मरते, हे तिथल्या धनगराला, ठाकराला, कातकऱ्याला ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय नकाशा उघडणारं पथक वेळ घालवतं.

मोबाइलचं लोकेशन मिळालं म्हणजे माणूस मिळाला, असंही नाही. घाटमाथ्यावर उभ्या माणसाच्या फोनला मागच्या गावचा टॉवर डोंगराआड असतो आणि खाली कोकणातला, कितीतरी किलोमीटर दूरचा, थेट नजरेसमोर. फोन त्या टॉवरला लागतो. नोंदीवरून पथक पायथ्याला पाठवलं तर एक दिवस गेला.

हिशोबही लागतो. समजा माणूस अमुक घळीत असण्याची शक्यता 60 टक्के धरली. तुकडी फिरून आली. तो तिथे असता तर दिसला असता, याची खात्री कारवीमुळे 50 टक्केच. म्हणजे या फेरीत सापडण्याची शक्यता 30 टक्केच होती. तो सापडला नाही, म्हणून घळ नकाशावरून खोडायची नाही. ती शक्यता आता 43 टक्के उरते आणि बाकी सगळ्या भागांची मिळून 57 होते. दुसरा कोणताही एक भाग 43 च्या वर जात नसेल, तर त्याच घळीत दुसऱ्यांदा, जास्त जवळून शोधायला जावं लागतं. दमलेल्या पोरांना ‘पुन्हा तिथेच’ सांगणं जड जातं, पण माणूस बऱ्याचदा ‘बघून झालेल्या’ जागीच सापडतो.

रांगेने शोधताना दोघांत किती अंतर ठेवायचं, ते झाडी ठरवते. एखादी मळकट सॅक झुडपात टाका आणि मागे सरकत जा. ती दिसेनाशी झाली की पावलं मोजा. दोन शोधकांत त्याहून फार अंतर नको. दाट कारवीत ते तीन-चार मीटरवर येतं. दर काही पावलांनी मागे वळून बघायचं, कारण धोंड्याच्या खालच्या अंगाला पडलेला माणूस फक्त पलीकडून दिसतो. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र शिट्टी द्यायची आणि मग पूर्ण मिनिटभर गप्प राहायचं. या मिनिटात कोणी बोललं तर शिट्टी फुकट. धबधब्याच्या आवाजात ती तशीही चालत नाही.

बुटाचा ठसा सापडला तर त्यावर पाय पडू न देता शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. श्वानपथक येणार असेल तर हरवलेल्याचा वापरलेला मोजा किंवा उशीचा अभ्रा, नातेवाइकांचा हात न लागता, स्वच्छ पिशवीत घेऊन ठेवा.

शोध डोंगरातच असतो असंही नाही. स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा हाक मारली तरी ओ देत नाहीत. काही जण सरळ चालत राहतात आणि झुडपात, गटारीत, कुंपणाच्या कोपऱ्यात अडकेपर्यंत थांबत नाहीत. त्यामुळे घराजवळच्या बेवारस जागा, आणि जुनं घर, जुनं ऑफिस, स्टेशन आधी बघतात. लहान मूल अनोळखी माणसांच्या हाकांना घाबरून लपतं. या कामाला दोर लागत नाही. शांत डोकं, घरोघर विचारण्याची चिकाटी आणि वही लागते. चाळिशी-पन्नाशीतली गृहिणी, निवृत्त शिक्षक, रिक्षाचालक हे काम उत्तम करतात.

दोर, पाणी, ड्रोन

दोराच्या कामाला 10.5 ते 11 मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर लागतो. चढाईचा ताणणारा डायनॅमिक दोर स्ट्रेचरला चालत नाही. 200 मीटरचा 11 मिलिमीटरचा दोर कोरडा असतानाच पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि पावसात आणखी जड होतो. तो कड्यापर्यंत कोणीतरी वाहून न्यायचा असतो. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात. पायवाट लांब असेल तर तीन पाळ्यांचे अठरा हवेत. दोरावर दोघं असतात तेव्हा वर आणि वाटेवर पंचवीस जण राबत असतात. उन्हाळ्यात कड्यावर आग्या मोहोळ बघितल्याशिवाय कोणी उतरत नाही, वरून दगड पाडत नाही, अत्तर-डिओ लावत नाही. स्वतःचं हेल्मेट, हार्नेस (कमरेचा पट्टा), डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हेडलॅम्प आणि बूट पंधरा-वीस हजारांच्या घरात जातात. पहिल्या वर्षी हेल्मेट, हेडलॅम्प आणि बूट एवढंच घ्या.

पुढे खोलात जायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स, आणि त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तर सर्च अँड रेस्क्यू कोर्स, असा क्रम आहे. तिथे बर्फ शिकाल, कारवी इथेच शिकावी लागते.

पाण्याचं काम वेगळी विद्या आहे. चांगला पोहणारा बचाव करू शकतोच असं नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे खाली ते उलटं फिरतं, आणि त्यात सापडलेल्याला लाइफ जॅकेट असूनही बाहेर येता येत नाही. तिथे काठावरून दोरपिशवी फेकायची, उडी मारायची नाही. पूर ओसरल्यावरच्या चिखलात शोध असेल तर लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

ड्रोन उघड्या कड्यावर आणि कातळावर वेळ वाचवतो, गर्द झाडीत फारसा नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, आणि व्यावसायिक वापर नसेल तर दोन किलोपर्यंतच्यालाही, रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. नो-फ्लाय क्षेत्र मात्र तपासायलाच हवं. परदेशातल्या भावाने पाठवलेलं सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) सॅकमध्ये ठेवू नका, भारतात परवानगीशिवाय ते बेकायदा आहे.

आधी माहीत असावं असं काही

‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असा नियम नाही. बेपत्ता मूल अल्पवयीन असेल तर गुन्हाच नोंदवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. स्वयंसेवकाने नातेवाइकांना पहिल्यांदा हेच सांगायचं आणि 112 लावायला लावायचं. पोलीस नोंदीशिवाय शोध सुरू केला तर टॉवरची माहितीही मिळत नाही.

अनेक शोध मृतदेहापाशी संपतात. पोलिसांनी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, कारण पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतो. जागेचे फोटो पोलिसांना द्यायचे, ग्रुपवर टाकायचे नाहीत. इरशाळवाडीत 2023 मध्ये दरड कोसळली, तेव्हा 27 मृतदेह मिळाले आणि शोध थांबला तेव्हा 57 जण ढिगाऱ्याखालीच होते. असं थांबणं पचवावं लागतं. पहिल्या मृतदेहानंतर झोप उडाली तर संस्थेतल्या जुन्या माणसाशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा. ज्या संस्थेत हा विषय हसण्यावारी नेतात, तिथे थांबू नका.

संस्थेत पहिल्यांदा जाल तेव्हा मागच्या कॉलचे फोटो पाहू नका, दोरांची वही मागा. प्रत्येक दोर कधी घेतला, कधी वापरला, कधी बाद केला, याची नोंद असेल तर तिथे शिकायला मिळेल. शोध थांबवायचा निर्णय कोण घेतं, हेही विचारा. एका माणसाचं नाव चटकन सांगता आलं पाहिजे. आणि घरी व कामाच्या ठिकाणी आधीच बोलून ठेवा: फोन मंगळवारी दुपारी येतो, पावसात येतो, आणि परतायची वेळ सांगता येत नाही.