फुकट डिनरला गेलो आणि 92,080 रुपये घालवून आलो

पुण्यातल्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात 'मोफत डिनर'चं बोलावणं आलं असेल तर निघण्याआधी हे वाचा. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कुपन, मग "सर, अभिनंदन!" असा फोन, नवरा-बायको दोघांनी यायची अट, क्रेडिट कार्ड जवळ ठेवायची अट. हा खेळ आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होता. जेवायचं आणि निघायचं, एवढंच ठरवून गेलो होतो. पण चकाचक लॉबी, दारात सलाम ठोकणारा दरवान. अशा ठिकाणी कोणी खिसा कापेल असं तुमच्या तरी मनात आलं असतं का?

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. पार्किंगच्या पावतीवर शिक्का मारून घ्यायला मी रिसेप्शनवर गेलो. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "सर, तुम्ही हॉलवाल्यांचे गेस्ट का? ते आमचे नाहीत. त्यांनी फक्त बँक्वेट हॉल घेतलाय." याहून स्पष्ट कोण सांगणार? आणि मी काय केलं, तर पार्किंगच्या 200 रुपयांवरून तिच्याशी हुज्जत घालत बसलो. "बोलावणाऱ्यांनी फ्री सांगितलंय" म्हणून! ते 200 आठवले की अजून झोप उडते.

आत कानठळ्या बसवणारं संगीत. मध्येच टाळ्या: "अमुक फॅमिली आपल्या परिवारात आली!" टेबलावरचा पोरगा "सर-मॅडम, सर-मॅडम" करत पाच वर्षांची मेंबरशिप गळ्यात मारत होता. दरवर्षी सहा रात्री पंचतारांकित खोली, ब्रेकफास्ट फुकट, जेवणावर निम्मी सूट, विमानतळावर गाडी, उशिरा चेकआउट. किंमत 1,35,000, आजच सही केली तर 85,000. मी काही भोळसट नाही, तिथल्या तिथे हिशोब केला. अशी खोली रात्रीला 9,000 धरा, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,620. सहा रात्रींचे 63,720, तेही एका वर्षाचे. हिशोबात चूक काढून दाखवा. बायको टेबलाखालून पाय मारत होती हे खरं, पण तेवढ्यात 'मॅनेजर' आला आणि म्हणाला, ऑफर दहा मिनिटांत बंद.

डेबिट कार्डावर 20,000, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर 65,000, आणि 'वार्षिक मेंटेनन्स' 7,080. मशिनच्या स्लिपवर भलत्याच एंटरप्रायझेसचं नाव होतं. पैसे देण्याआधी स्लिप कोणाच्या नावाची निघणार ते विचारा. जेवण सहीनंतर आलं: कोमट सूप, रबरी पनीर, एक गुलाबजाम.

मुंबईची खोली मागितली. शनिवार-रविवार 'ब्लॅकआउट', म्हणजे मेंबरांना बुकिंग बंद, मधल्या वारी 'कोटा संपला'. शेवटी अंधेरीतलं एक लॉज दाखवलं, तेही रात्रीला 3,540 'युटिलिटी चार्ज' भरून. माहितीपत्रकावर फोटो असलेल्या मुंबईच्या हॉटेलला मी थेट फोन लावला. तिथल्या रिझर्व्हेशनवाल्यांनी या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. हा फोन सहीआधी करायचा असतो.

आता आपल्या रक्षणकर्त्यांविषयी. चौकीतल्या हवालदारांनी करार चाळला. "साहेब, सही तुमचीच ना? मग हे दिवाणी. ग्राहक मंचात जा." 1930 या सायबर हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलं, हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. हॉटेल म्हणतं, आम्ही हॉल भाड्याने देतो, आत काय चालतं त्याला आम्ही जबाबदार नाही. भाडं घेताना बरे जबाबदार असतात! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर कंपनीचं उत्तर काय, 'नॉन-रिफंडेबल' कलमाचा फोटो. तक्रार बंद. म्हणजे लुटणाऱ्याने लिहून दिलं की मी लुटणार आहे, की सगळे मोकळे! वर वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे दिलेल्या लेखी अर्जाची पोच मागितली तर "साहेब राउंडला गेलेत".

करारात वाद दिल्लीच्या कोर्टात चालेल असं छापलेलं असतं, त्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, त्यामुळे त्यांच्या "पुढच्या महिन्यात बघू"वर बसून राहू नका. क्रेडिट कार्डाचा डिस्प्यूट, म्हणजे व्यवहारावरची हरकत, बँकेकडे लेखीच टाका, फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. आणि तोंडी मिळालेलं प्रत्येक वचन त्याच टेबलावर त्यांच्याकडून लिहून मागा. पोरगा कसा पाणी आणायला पळतो ते बघा.

मी तक्रार दाखल केली आहे. कालच कंपनीच्या मुलीचा फोन आला होता. पुढच्या वर्षीचं मेंटेनन्स थकलंय, 7,080 भरा, नाहीतर मेंबरशिप रद्द होईल म्हणे. म्हटलं, ताई, एवढं लेखी द्या.