आइल ऑफ मॅनची सोन्याची मांजरं: काही महिने जवळ बाळगल्यावर

दसऱ्याला इथे लंडनमध्ये दोन नाणी घेतली. एक 1988चं मॅन्क्स मांजरीचं, औंसाच्या दहाव्या भागाचं. दुसरं 1992चं सयामी मांजरीचं, पंचविसाव्या भागाचं. दोन्ही चोवीस कॅरेट. आता मे उजाडलाय आणि माझं मत पक्कं झालंय: मांजरीसाठी घ्या, सोन्यासाठी घेऊ नका.

आइल ऑफ मॅन म्हणजे आयरिश समुद्रातलं छोटंसं बेट. 1988मध्ये त्यांनी बेटावरच्या बिनशेपटीच्या मॅन्क्सपासून ही मालिका सुरू केली. पुढे दरवर्षी नवी जात: पर्शियन, न्यूयॉर्कच्या गल्लीबोळातली, नॉर्वेजियन, सयामी, मेन कून. गल्लीतल्या भटक्या मांजरीला सोन्यात जागा मिळाली, आणि तीही नाण्याच्या दुसऱ्या बाजूवरच्या ब्रिटनच्या राणीच्या पाठीला पाठ लावून! मला याचं अजून अप्रूप वाटतं.

लहान नाणं 1.24 ग्रॅमचं, म्हणजे जुन्या हिशेबाने जेमतेम दहा गुंजा. व्यास 13.92 मिलिमीटर. फोटोत ते मोठं भासतं, हातात आल्यावर अंगठ्याच्या नखाएवढं निघतं. नक्षीकाम नीट बघायचं तर भिंग हवंच. दहाव्या भागाच्या नाण्यावर तीच कारागिरी मोकळी वाटते. जरा जास्त पैसे गेले तरी माझी पसंती त्यालाच.

शुद्ध सोनं मऊ, चरे लगेच पडतात. नाणं ठेवायच्या पारदर्शक डबीतून, म्हणजे कॅप्सूलमधून काढू नका, पुसूही नका. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिक पाकिटात ठेवलं तर चिकट थर चढतो.

बचतीचं म्हणाल, तर वजनाच्या मानाने लहान नाणं फारच महाग पडतं. मार्चमध्ये दोन्ही विकायचा भाव विचारून पाहिला. सराफाने फक्त धातूचा भाव सांगितला, नाण्यांच्या व्यापाऱ्याने मॅन्क्सला त्याहून बरा दिला. शिवाय सॉव्हरिन हे ब्रिटनचं सोन्याचं नाणं तिथलं कायदेशीर चलन, त्यामुळे त्यावरच्या नफ्याला इथे कर नाही. मॅनच्या नाण्याला ती सवलत मिळत नाही. नुसतं सोनंच साठवायचं तर सॉव्हरिन घ्या, किंवा गावाकडे गेल्यावर सरळ वेढणं करून घ्या.

ही नाणी पाडणारी इंग्लंडातल्या सरे परगण्यातली पॉबजॉय टांकसाळ 2023मध्ये बंद झाली. आता जे मिळतं ते दुसऱ्या हातचं. यातली बरीच कुणाकुणाच्या लॉकेटमध्ये बसवलेली असायची, म्हणून विक्रेत्याकडून कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. कोंदणाच्या खुणा दिसल्या तर धातूच्या भावापेक्षा एक पौंडही जास्त देऊ नका.