फ्लॅटला ऑफर देण्याआधी: नोंदणी विभागाचं मोफत ‘ई-सर्च’

“याच बिल्डिंगमधला फ्लॅट परवा सव्वा कोटीला गेला,” असं दलाल ठोकून देतो. खरं-खोटं नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’वर फुकटात तपासता येतं. मुंबई की उर्वरित महाराष्ट्र ते निवडा, मग वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरा. त्यासाठी सोसायटीचा सीटीएस (नगर भूमापन) किंवा सर्व्हे नंबर आधीच मागून ठेवा. प्रत्येक वर्षाचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

साइट रटाळ आहे. कॅप्चा बरोबर टाकला तरी बहुतेक वेळा दुसरा पुढे येतो. तोही भरला की यादी उघडते. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) नव्या खिडकीत येतो, म्हणून पॉप-अप सुरू ठेवा.

यादीत गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र सगळी खिचडी असते. आपल्या कामाचे फक्त करारनामा आणि खरेदीखत, तेही शक्यतो रीसेलचे. त्यात ‘मोबदला’, म्हणजे दस्तात लिहिलेली सौद्याची किंमत, बघा. ‘बाजारभाव’ या रकान्यात रेडी रेकनरवरून (सरकारी दरपत्रकावरून) काढलेलं मूल्यांकन असतं, चालू दर नव्हे.

खरी गफलत क्षेत्रफळात होते: कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जागा, बिल्टअप म्हणजे त्यात भिंती वगैरे धरून. समजा मोबदला 96 लाख, क्षेत्र 60 चौरस मीटर. ते कार्पेट असेल तर 646 चौरस फूट, म्हणजे दर फुटाला सुमारे 14,865 रुपये. तेच 60 मीटर बिल्टअप असतील आणि कार्पेटच्या 1.2 पट धरले असतील, तर कार्पेट 538 फूट भरतं आणि दर 17,800 च्या वर जातो. तेव्हा मिळकतीच्या वर्णनात कार्पेट की बिल्टअप, पार्किंग धरलंय का, मजला कोणता, हे वाचल्याशिवाय भागाकार करू नका.

रोखीत दिलेली रक्कम इथे दिसत नाही (आणि तसा व्यवहार करूही नका). नोंदणीची तारीख सौदा ठरल्यानंतरची असते, हेही धरा.

वर्षभरातले तीन-चार दस्त मिळाले तर ऑफरला आधार पुरेसा. विक्रेत्याला आकड्यासोबत दस्त क्रमांक दाखवा. घासाघीस निम्मी होते. गिऱ्हाईक दुसरंही असेल तर भाव चढवण्याआधी बँकेचं कर्जमंजुरी पत्र, टोकनची रक्कम आणि करारनाम्याची तारीख लेखी द्या. टोकनच्या पावतीवर मात्र ‘सोसायटीची एनओसी किंवा आधीच्या मालकांच्या मूळ करारांची साखळी अपुरी निघाल्यास रक्कम परत’ हे लिहून घ्याच.