गेम डेव्ह टायकून: फुकट्या पोट्ट्यायले मालकाच्या खुर्चीत बसवणारा गेम

घाटंजीले माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे आन गेमचा मी काही लय शौकीन नाई, हे आधीच सांगून देतो. पण दुकानात जे पोट्टे येते त्यायचं रोजचं एकच गाणं, "भाऊ, ते पैशेवालं ॲप फुकट टाकून दे ना, ग्रुपवर मोड एपीके आली आहे." (एपीके म्हणजे ॲपची फाईल, मोड म्हणजे कोणीतरी फोडून फुकट केलेली.) कव्हरचे दोनशे देते, गार्डचे दीडशे देते, खर्रा तं दिवसातून तीनदा घोटून घेते, पण ॲपले पैसे लागते म्हटलं का तोंड वाकडं. समजावून सांगाले गेलं तं मलेच म्हणते, "एवढी मोठी कंपनी, तिले आपल्या शंभर रुपयानं काय होते?" कंपनी मोठी नसतेच दरवेळी, कधी कधी एका खोलीत दोन जण असते, हे त्यायच्या डोक्यात जातच नाई. भाषण देऊन जे जमलं नाई ते या गेमनं केलं म्हणून हे लिहून राहिलो.

गेम बनवला ग्रीनहार्ट गेम्सनं, म्हणजे पॅट्रिक आन डॅनियल क्लुग या दोन भावायनं. २०१२ मधे कंपनी काढली, आधी कॉम्प्युटरवर गेम आणला, मोबाईलवर यायले बराच उशीर झाला, आयफोनवर २०१७ च्या शेवटी आन अँड्रॉइडवर २०१८ च्या सुरुवातीले. एकदा पैसे द्याचे, मंग जाहिरात नाई, आतमधी हे घ्या ते घ्या म्हणून मागं लागणं नाई, आन खेळाले नेट लागत नाई. आमच्याकडे लाइन गेली का थोड्या येळानं टॉवरबी जाते, त्याच्यामुळं ही शेवटची गोष्ट मले सगळ्यात मोठी वाटते.

आता गेम काय आहे तं गेम बनवाचाच गेम आहे. १९८० च्या दशकातलं एक गॅरेज, तुम्ही एकटेच टेबलावर, समोर कॉम्प्युटर, खात्यात थोडेसे पैसे. विषय निवडा, प्रकार निवडा, कोणत्या मशीनवर काढाचा ते ठरवा (मशीनची नावं मजेशीर बिघडवून ठेवली आहे, कमोडोर ६४ चं करून टाकलं गोव्होडोर जी६४), मंग तीन टप्प्यात पट्ट्या सरकवून सांगाचं का इंजिनवर किती येळ, गोष्टीवर किती, ग्राफिक्सवर किती. रेसिंगचं सिम्युलेशन केलं तं मस्त जमते, रेसिंगचं अडव्हेंचर केलं का बोंबलते, हे कोणी सांगत नाई, आपणच ठेचा खाऊन शिकाचं. काम चालू असते तवा बनवणाऱ्याच्या डोक्यातून गोळे उडत जाते, नारंगी डिझाइनचे, निळे टेक्नॉलॉजीचे आन मधात मधात लाल, ते बगचे, म्हणजे गेममधल्या चुकांचे. बग काढत बसलं तं इकडं महिन्याचा खर्च चालूच राहते, नाई काढले तं मार्क कमी. गेम निघाल्यावर चार रिव्ह्यूवाले १० पैकी मार्क देते, एक एक करून उघडते, पहिला ८ देते, दुसरा ७, आन तिसऱ्यानं ४ टाकला का आपण इतके दिवस काय घास उपटून राहिलो होतो असं वाटते. पैसे दहा लाखावर गेले का गॅरेज सोडून ऑफिसात जाते आन मंग माणसं ठेवता येते. तिथून पुढं गेम अजून वाढते पण मले विचारान तं मजा गॅरेजचीच.

या गेमचं खरं नाव झालं ते २०१३ च्या एप्रिलमधे. या भावायनं कॉम्प्युटरसाठी गेम विकाले काढला, किंमत ८ डॉलरच्या आत, कुलूपबिलूप काही नाई, तीन कॉम्प्युटरवर टाका म्हणे. आन नेटवरचं दुकान उघडल्या उघडल्या स्वतःच एक चोरीची कॉपी बनवून टोरंटवर, म्हणजे जिथून लोक फुकट फाईली उतरवते तिथं, टाकून दिली! दिसाले सगळं सेम, फक्त एक फरक, थोडं पुढं गेलं का गेममधला तुमचा माणूस येऊन सांगते का बॉस, आपला गेम लोक खेळून राहिले पण चोरीची कॉपी उतरवून खेळून राहिले, असंच चाललं तं आपण बुडतो. आन खरंच बुडते, कितीही चांगला गेम काढा, पैसाच येत नाई. मंग ज्यायनं फुकट उतरवला तेच लोक नेटवर येऊन विचारू लागले का भाऊ ही पायरसी, म्हणजे कॉपीची चोरी, थांबवाले काही उपाय शिकता येते का गेममधे. मले हे वाचून पोट दुखेपर्यंत हसू आलं होतं. पहिल्या दिवसाचा आकडा या भावायनंच छापला, विकत घेऊन खेळणारे २१४, चोरीवाले कमीत कमी ३१०४, म्हणजे १०० तले ९३.६ फुकटवाले.

मोबाईलवर चोरीची कॉपी उतरवाची गरज नाई, पायरेट मोड, म्हणजे त्या चोरीच्या कॉपीसारखंच बुडवणारा प्रकार, गेमच्या आतच दिला आहे, पाहिजे तं चालू करा. मी दुकानाच्या जुन्या फोनमधे तोच चालू करून ठेवतो. आमच्या इकडचा एक पोट्टा, बारावीतला, त्याच्या फोनमधे एकबी ॲप विकतचं नाई, डिस्प्ले बदलेपर्यंत बसून खेळत होता. पहिला गेम बरा गेला, दुसऱ्याले ९ मार्क पडले, पोट्टा खुश. मंग म्हणते, "भाऊ, मार्क तं भल्ले पडून राहिले, पैसे काहून नाई येऊन राहिले?" मी स्क्रू कसता कसता म्हटलं, मेसेज वाच. त्यानं वाचला, थोडा येळ काही बोलला नाई, मंग म्हणते "हे तं चिटिंग आहे ना बे!" हाव बाबू, चिटिंगच आहे. त्याचं पुढं काय झालं मले माहीत नाई, डिस्प्ले लागला आन तो गेला, पण दुसऱ्या दिवशी दोन दोस्त घेऊन आला तेच खेळाले.

आता मले सगळंच पटते असं नाई. ३१०४ जण फुकट खेळले म्हणजे ३१०४ गिऱ्हाइक गेले असं नसते, त्यातले लय जण विकत घेणारेच नव्हते. मॉन्युमेंट व्हॅली नावाचा गेम बनवणाऱ्या असटू कंपनीनं २०१५ मधे सांगितलं होतं का अँड्रॉइडवर १०० इन्स्टॉलमधले फक्त ५ पैसे देऊन झालेले, पण एकाच माणसाचे दोन-दोन मशीन असते तेबी त्याच्यात आलेच. डेड ट्रिगर नावाच्या गेमवाल्यायनं तं २०१२ मधे एक डॉलरच्या आतला गेम पायरसीले कंटाळून अँड्रॉइडवर फुकटच करून टाकला आन कमाई फक्त गेमच्या आतल्या खरेदीवर राहिली. आज जे दर दोन मिनटाले जाहिरात येते आन हिरे-नाणे विकत घ्या म्हणते ना, त्याच्यामागं हेबी एक कारण आहे, फुकटवाल्यायचा भार शेवटी आपल्याच डोक्यावर येते.

कुलूप लावून काही होते का, तं थोडं होते. गुगलनं २०१० मधेच लायसन तपासाची सोय दिली, ॲप उघडतानी प्ले स्टोअरले विचारते का या खात्यावरून विकत घेतलं का. पण एपीके खोलून ती तपासणीच कापून टाकणारे बसलेच आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका ओळखीच्यानं कापूस वेचणीच्या हिशेबाचं ॲप बनवलं होतं, कोणत्या बाईनं किती किलो वेचला, भाव काय, उचल किती दिली, सगळं त्याच्यात. शंभराच्या आत किंमत. एका हंगामात त्याची फाईल गावोगावच्या ग्रुपवर फिरली. त्यानं चिडून कडक तपासणी लावली तं झालं काय का वावरात रेंज नाई, आन ज्यायनं पैसे दिले होते त्यायचंच ॲप ऐन मोजणीच्या येळी बंद! वर चोरीची फाईलवाले त्यालेच फोन करून शिव्या देत, फोन फॉर्मेट केला आमचा हिशेब गेला म्हणून. शेवटी त्यानं तपासणी काढून टाकली आन लॉगिन करून हिशेब सर्व्हरवर सांभाळाची सोय फक्त पैसेवाल्यायले दिली. फाईल फिरू दे म्हणते. फोन गेला, पडला, बिघडला का तेच लोक मंग पैसे भरून येते. मले हा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटला.

पोट्ट्यायले मी एपीकेचं सांगतो तवा चोरबीटीचंच (बिना परवान्याचं चोरून विकलेलं कपाशीचं बियाणं) सांगतो, ते समजते त्यायले. बिना बिलाची थैली आणली, उगवली तं ठीक, नाई उगवली तं कोणाकडे जाशीन, कृषी केंद्रवाला म्हणते माझी नाईच. फरक एवढाच का थैली तुमच्या घरातलं काही चोरत नाई, एपीके मात्र मेसेज वाचाची परमिशन मागते आन पोट्टे डोळे मिटून ओके करते, मंग ओटीपी कुठं गेला म्हणून माझ्याकडे येते.

पैसे द्याची सोय नाई हे कारण आता चालत नाई. पयले कार्ड लागे, गावात कोणाकडे असे कार्ड? आता प्ले स्टोअरवर यूपीआय चालते. किंमत तिथंच पाहून घ्या, सेल लागला का कमी होते. नाई आवडला तं ४८ तासाच्या आत प्ले स्टोअरवर रिफंड मागता येते.

खराब गोष्टी? मराठी नाई, इंग्रजी वाचाव लागते, लहान स्क्रीनवर डोळे तानते. ऑफिस मोठं झाल्यावर तेच तेच होते, पट्ट्या सरकवा, वाट पाहा. मारामारी पाहिजे त्यानं याच्या नादी लागू नये. ज्याले धंदा कसा चालते हे पाहाची हौस आहे, किराणावाला असो का कॉम्प्युटरचं शिकणारा पोट्टा, त्यानं घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी चार. आन हो, अँड्रॉइडवर घेतलेला आयफोनवर येत नाई, तिकडं येगळे पैसे भरा लागते, हे घेण्याच्या आधी पाहून घ्या.